नकाशा वेगळा की पुस्तकासकट?

"नकाशा तेवढा काढून देऊ का?"

भाजीवाल्याने मुळ्याचा पाला काढून देऊ का म्हणून विचारावं, इतक्या सहज त्याने विचारलं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एका बोळात जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, तिथली ही गोष्ट. पावसाची दुपार होती, शटर अर्धं खाली ओढलेलं, आत ट्यूबलाइटच्या उजेडात ओल्या पुठ्ठ्याचा वास कोंडलेला. समोर टेबलावर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड पडला होता. सोलापूर जिल्हा, १८८४. कातडी कणा सुटून लोंबत होता, पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या, आणि मी जिल्ह्याच्या नकाशाची एकेक घडी श्वास रोखून उलगडत होते. "मजकूर नेटवर फुकट आहे हो मॅडम," तो म्हणाला. "पुस्तक कोण वाचतंय! लोक नकाशा घेतात, फ्रेम करायला. हॉटेलवाले घेतात, फार्महाउसवाले घेतात. नुसता हवा असेल तर सांगा, ब्लेडने असा काढतो की मागमूस राहणार नाही." मग जरा थांबून, "साहेबांना आवड आहे का रेल्वेची?"

साहेबांना रेल्वेची आवड नाही. साहेबांना गाडीत झोप लागत नाही. या दुसऱ्या प्रश्नाची मला सवय आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात रेल्वेच्या कपाटापुढे उभी असलेली बाई कुणाची तरी चिठ्ठी घेऊनच आलेली असणार, असं सगळ्यांना वाटतं. पहिला प्रश्न मात्र घरी आल्यावरही डोक्यातून गेला नाही. पुस्तक मी नकाशासकट घेतलं, त्याने मागितलेल्या किमतीला, फारशी घासाघीस न करता. नुसता नकाशा घेतला असता तर पाऊण किमतीत आला असता, आणि बाकीचं जाडजूड बाड उरलेल्या पावात कुणीतरी नेलं असतं, किंवा नेलंही नसतं.

मला त्रास झाला तो त्याचं म्हणणं खोटं नव्हतं म्हणून. हे गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर आहे. सरकारने ते पुढे जसंच्या तसं पुन्हा छापलंही आहे. मजकूर वाचायचा असेल तर मूळ प्रत लागत नाही. पण ज्यांनी अशी जुनी पुस्तकं संगणकावर चाळली आहेत त्यांना ठाऊक असेल, स्कॅन करणाराला घडीचे नकाशे उलगडायला सवड नसते. तो पान उलटतो, घडी घातलेला नकाशा तसाच यंत्राखाली ठेवतो आणि पुढे जातो. पडद्यावर दिसतो एक करडा चौकोन, त्यात उलट्या बाजूने उमटलेल्या अर्धवट रेघा, आणि कधीकधी कोपऱ्यात रबरी टोपण घातलेला एक अंगठा. कुठल्यातरी दूरच्या ग्रंथालयातला तो अंगठा मी इतक्या पुस्तकांत पाहिला आहे की आता ओळखीचा वाटतो. म्हणजे फुकट मिळत नाही ते नेमकं नकाशाच. हिशेबाने पाहिलं तर दुकानदार पुस्तकातला किमती भाग बरोबर ओळखून होता. ब्लेड कुठे लावायचं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

या नकाशात मला काय हवं होतं ते सांगते. पुण्याकडून येणारी जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, लाइन जिल्ह्यात शिरून सोलापूरकडे जाते. ही गाडी १८६० साली सोलापूरला पोहोचली. वाटेत आज आपण ज्याला कुर्डुवाडी म्हणतो ते स्टेशन आहे. त्याचं तेव्हाचं नाव बार्शी रोड. पण बार्शी या लाइनीवर नाही. ती वर ईशान्येला, बालाघाटाच्या पायथ्याकडे बसलेली आहे, नावातल्या आ-काराच्या डोक्यावर तिरकी रेघ मिरवत, आणि दोन्हींच्या मध्ये कागद कोरा आहे. त्या कोऱ्या जागेतून तेव्हा कापसाच्या आणि तेलबियांच्या बैलगाड्या जात असत. बार्शीची पेठ मोठी आणि स्टेशन दूर, हे दुखणं तेव्हाचं. तेरा वर्षांनी, १८९७ साली, त्याच कोऱ्या जागेतून अडीच फुटी गेजची इवलीशी गाडी धावू लागली. बार्शी लाइट. मला तिच्याबद्दलचं सगळं हवं असतं, ती नसतानाचा नकाशासुद्धा.

कुर्डुवाडी माझं आजोळ. आजोबा तिथल्या वर्कशॉपात फिटर. स्टेशनावर एका अंगाला मोठ्या गाड्यांचे लांबलचक फलाट, तिथे मद्रास मेल आल्यावर जमीन हादरायची. आणि दुसऱ्या अंगाला आमची गाडी, जिच्या डब्यात मोठ्या माणसाने दोन्ही हात फैलावले की भिंती हाताला लागतील असं वाटायचं. मेलमधून उतरलेली पुण्या-मुंबईची माणसं ही गाडी पाहून हसायची आणि मग त्यातच कोंबून बसायची, कारण पंढरपूरला जायचं तर दुसरं काही नव्हतं. खिडकीशी बसायचा हट्ट माझा, आणि डोळ्यात कोळशाची कणी गेली की पदराचं टोक तोंडाच्या वाफेने ओलं करून ती काढायचं काम आजीचं. भाकरी-ठेच्याचा, तापलेल्या तेलाचा, भिजलेल्या कोळशाचा आणि कुणाच्यातरी तुळशीमाळेचा, असा मिळून एक वास त्या डब्याला होता. आषाढीच्या दिवसांत डब्यात हवा शिरायला जागा नसायची, टपावर माणसं, आणि इंजिनाच्या धापांना कुठल्यातरी मागच्या डब्यातून टाळ साथ द्यायचे. चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातली काकडी तोडायची आणि पळत येऊन पुन्हा त्याच डब्यात चढायचं, हा किस्सा कुर्डुवाडीचा प्रत्येक माणूस सांगतो. मूर्तिजापूरकडचे लोक त्यांच्या शकुंतलेबद्दल, म्हणजे तिकडच्या नॅरोगेज गाडीबद्दल, हाच किस्सा सांगतात. मी असं करताना कुणाला पाहिलेलं नाही, पण सांगते मीही.

नव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने तो रूळ उखडला गेला आणि ब्रॉडगेज आली. कुर्डुवाडी-पंढरपूर, मग लातूरकडचा भाग, शेवटी मिरजेकडचा. फार बरं झालं. लातूरहून मुंबईला रात्रीत जाता येऊ लागलं, आणि अरुंद डब्यात घुसमटून गेलेल्या माणसांनी त्याबद्दल हळहळावं अशी अपेक्षा कुणी करू नये. माझ्या आईने तर एकदा स्पष्टच सांगितलं, "तुझं काय जातंय कौतुक करायला? तू सुट्टीत यायचीस."

आजोबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत नियमांचं एक पुस्तक निघालं, मेणचटलेलं, अंगठ्याच्या जागी काळं झालेलं. तेवढं मी उचललं. संग्रह वगैरे काही डोक्यात नव्हतं. मग या गाडीबद्दल कुठे काय लिहिलंय ते बघावं म्हणून ग्रंथालयांत विचारू लागले. मराठीत रेल्वेवर काही नाहीच असं नाही. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ सालच्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये आगगाडीबद्दल लिहून ठेवलं आहे. पण बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, एकवीस तोफा, हे सगळं इतक्या ठिकाणी इतक्या वेळा छापून आलं आहे की त्यानंतर महाराष्ट्रात दुसरी गाडी सुटलीच नाही की काय असं वाटावं. बार्शी लाइटच्या वाट्याला कुठे दोन ओळी, कुठे तळटीप.

आणि मग कुणीतरी सांगितलं, स्टॅफर्डशरची पुस्तकं बघ.

इंग्लंडात स्टॅफर्डशर परगण्यात मॅनिफोल्ड नावाच्या नदीच्या खोऱ्यात एक छोटी गाडी होती. लांबी आठ मैलांच्या जरा वर. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. उणीपुरी तीस वर्षं. पण तिच्यावर काय लिहिलंय लोकांनी! एकेक स्टेशन, एकेक फाटा, दुधाचे डबे कुठे चढत, इंजिनाला रंग कोणता होता, प्रतिकृती बनवणाऱ्यांसाठी डब्यांची मोजमापासह चित्रं. आणि यातल्या पुस्तकांत सुरुवातीला हमखास बार्शी येते, कारण दोन्ही गाड्यांचा कर्ता माणूस एकच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा आधी जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर होता, बार्शीच्या पेठेचं दुखणं त्याने जवळून पाहिलं, आणि लंडनमध्ये कंपनी काढून ही लाइन बांधली. अडीच फुटी रूळ, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, आणि तो भार सगळ्या गाडीभर सारखा वाटलेला. हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो हे त्याला जगाला दाखवायचं होतं. लीड्सच्या किटसन कारखान्यातून खास इंजिनं बनवून आणली, आठ चाकं जोडलेली, मागे आणखी चार. बार्शीत जमलं म्हणून मग मॅनिफोल्डमध्ये. तिथल्या आठ मैलांवर पुस्तकांची मांडणी भरते. इथली सव्वातीनशे किलोमीटरची गाडी, जी वाढत वाढत मिरजेपासून लातूरपर्यंत पोहोचली आणि शंभर वर्षांच्या वर चालली, ती त्यांच्या पुस्तकांतलं पहिलं प्रकरण आहे. माझ्या आजोळचा इतिहास वाचायला मला परदेशातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून पार्सलं मागवावी लागतात, आणि टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो. त्यांना का दोष द्या? त्यांनी त्यांच्या दारातल्या गाडीवर लिहिलं. आमच्या दारातल्या गाडीवर लिहायला त्यांनीच यावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

कॅलथ्रॉपचंच एक पुस्तक माझ्या रेल्वेच्या फळीवर आहे, त्यात रेल्वे औषधालाही नाही. घोड्यांवरचं आहे, १९२० सालचं. गृहस्थ अरबी घोडे पाळायचा, आणि घोड्याला मारून नव्हे तर मैत्रीने शिकवावं असं त्याचं म्हणणं. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवलं आणि त्याला 'गार्डियन एंजल' असं नाव दिलं. संग्रह करणारे आमचे मित्र हे घोड्याचं पुस्तक बघून मला हसतात. हसोत. आसावरचा भार मोजणारा आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहणारा माणूस एकच होता, हे मला त्या फळीकडे बघताना आवडतं. १९२७ साली तो वारला, आणि त्याच वर्षी त्याची गाडी मिरजेला पोहोचली.

संग्रह करणाऱ्यांच्या जगात दोन जाती आहेत, लोखंडवाले आणि कागदवाले. लोखंडवाले कंदील, घंटा, इंजिनाच्या नावाच्या पितळी पाट्या जमवतात. त्यांचा चोरबाजाराशी घरोबा असतो आणि त्यांच्या बायका त्यांना कंटाळलेल्या असतात. कागदवाल्यांत पुन्हा पोटजाती. काहींना फक्त पहिली आवृत्ती हवी. जीआयपीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने १८६० साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेत वाचलेला निबंध, घाटाच्या चढणीच्या आराखड्यांसह, ही त्यांच्यातली मानाची गोष्ट. ज्याच्याकडे आहे तो घरी आलेल्याला चहाच्या आधी दाखवतो. न्यूमनचा 'इंडियन ब्रॅडशॉ' हे वेळापत्रकही चढ्या भावाने जातं, कारण त्यात साऱ्या हिंदुस्थानातल्या गाड्या सापडतात आणि जाहिराती सुरेख असतात. ह्यू ह्यूजेसच्या भारतीय इंजिनांच्या याद्या आहेत, त्यातला तिसरा भाग नॅरोगेजचा, १९९४ सालचा. बारीक टायपातले नुसते तक्ते, कुठलं इंजिन कुठल्या कारखान्यात कितव्या क्रमांकाने बनलं एवढंच. दिसायला किराणा दुकानाच्या वहीइतकं साधं, पण मिळायला कठीण, आणि मिळालं की सोडवत नाही. उलट शताब्दीला, १९५३ साली, रेल्वे मंत्रालयाने जे. एन. सहानींचं जाडजूड सचित्र पुस्तक काढलं ते रद्दीत बऱ्यापैकी सापडतं, पण सोनेरी अक्षरं आणि जुनं साल बघून रद्दीवाला त्याचे भलतेच पैसे सांगतो.

या साऱ्या किमती मला पाठ आहेत, आणि त्यांच्यात एक लबाडी आहे हे हळूहळू लक्षात आलं. बर्कलीचा निबंध महाग आहे, पण दुर्मीळ म्हणावा तर तितकासा नाही. जगभरच्या अभियांत्रिकी ग्रंथालयांत कातडी बांधणीत तो जपून ठेवलेला आहे. लिहिणारा मोठा, वाचणारे मोठे, ठेवणारे मोठे. खरोखर नाहीसं झालं ते असं, जे कुणी जपण्यासाठी छापलंच नव्हतं. उदाहरणार्थ कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक, ज्याला सगळे वर्किंग टाइमटेबल म्हणतात. प्रवाशांना मिळणाऱ्या वेळापत्रकापेक्षा हे वेगळं. कुठल्या स्टेशनावर कुठल्या दोन गाड्यांचं क्रॉसिंग, इंजिन कुठे पाणी घेणार आणि त्याला किती मिनिटं, कुठल्या मैलापासून कुठल्या मैलापर्यंत वेग किती ठेवायचा, मालगाडीने कुणासाठी बाजूला थांबायचं. वर बजावलेलं असतं, फक्त कर्मचाऱ्यांच्या उपयोगासाठी. नवं वेळापत्रक आलं की जुनं त्या रात्रीपासून निकामी; निकामीच नाही, धोक्याचं, कारण चुकून जुनं बघून कुणी गाडी सोडली तर समोरासमोर येतील. म्हणून ती मुद्दाम फाडली जात, बंबात जात, भज्यांखाली जात. छापल्या तेव्हा शेकड्यांनी असणार, आज एक सापडली तर दिवाळी.

हाती अशी एखादी आली की मी ती वाचत बसते. घरच्यांना ते विचित्र वाटतं. आकड्यांचे रकाने कुणी वाचत बसतं का? पण सरावलेल्या माणसाला त्यात गाडी ऐकू येते. इथे सात मिनिटं उभी आहे म्हणजे पाण्याच्या नळाची सोंड खाली आली, पाणी धबाधबा पडतंय, फायरमन खाली उतरून आळस देतोय. इथे वेग कमी म्हणजे पुलाचं काम. रात्री दीडला एका आडगावच्या स्टेशनावर क्रॉसिंग आहे म्हणजे कुणीतरी स्टेशन मास्तर त्या वेळी कंदील घेऊन जागा होता, रोज.

आणि ही वेळापत्रकं सापडतात तीही भलत्याच ठिकाणी. कुर्डुवाडीचं कागदपत्र हैदराबादेत का निघावं? आबिद्सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथून एका मैत्रिणीने फोनवर फोटो पाठवला तेव्हा मला आधी खरं वाटेना. मग उलगडा झाला. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा सोलापूर विभाग मध्य रेल्वेकडून तिच्याकडे गेला आणि १९७७ साली परत आला. ती अकरा वर्षं आमच्या मुलखाचे साहेब सिकंदराबादेत बसत होते, तेव्हा त्यांची रद्दीही तिकडेच निघणार. नकाशात हे दिसत नाही, रद्दीत दिसतं.

बार्शी आणि कुर्डुवाडीच्या मधल्या एका गावात, नाव सांगत नाही, एका आजींकडे अशी एक प्रत असल्याचं कळलं. यजमान गार्ड होते, जाऊन बरीच वर्षं झाली. ओळखीच्याची ओळख काढून मी गेले. ओसरीवर बसवलं, चहा झाला, शेंगा झाल्या, मी कुणाची कोण ते विचारून झालं, फिटर आजोबांचं नाव निघाल्यावर चेहरा जरा सैल झाला. मग सून पत्र्याची पेटी घेऊन आली. वर्किंग टाइमटेबलच, साठच्या दशकातलं, नॅरोगेजचं. मुखपृष्ठ गेलेलं, शिलाई सुटलेली, पण पानं सगळी. माझ्या हाताला घाम फुटला तो आजींना त्या वयातही कळला असावा. "ने की बाई," त्या म्हणाल्या. "मला काय करायचंय त्याचं? वाचायला का येतंय! पैशाचं काय घिऊन बसलीस. फकस्त हिशेबाची पानं फाडून ठिवते, तेवढी मला हवीत. मालकांचं अक्षर हाय."

मधली काही पानं पाठकोरी होती, आणि त्या पाठकोऱ्या बाजूंवर निळ्या शाईत दुधाचा हिशेब होता. तारीख, सकाळ, संध्याकाळ, शेर, पावशेर. मध्येच 'पाहुणे' असं लिहून दीड शेर. एका ओळीत 'म्हैस आटली'. अक्षर बारीक, सरळ, गार्डाच्या डायरीत शोभेल असं. पानं उलटून पाहिली तर पुढच्या बाजूला आषाढीच्या जादा गाड्यांच्या वेळा छापलेल्या. वारीच्या गाड्यांचं असं छापील वेळापत्रक मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं. आजी खरोखरच पान धरून फाडायला निघाल्या होत्या. मी हात धरला.

तेव्हा मला पुण्याच्या दुकानातलं ब्लेड आठवलं, आणि त्या माणसावर मनातल्या मनात काढलेला राग जरा अवघडला. नकाशा पुस्तकापासून तोडणं हे पाप, असं मी कितीतरी जणांना तावातावाने सांगितलं आहे. आता इथे एक म्हातारी तिच्या पुस्तकातलं तिला हवं ते काढून बाकीचं मला फुकट देत होती, आणि तिला पाप म्हणायची माझी छाती नव्हती. पुस्तक अख्खं राहिलं पाहिजे हा आग्रह नेमका कुणासाठी? तिच्या लेखी दुधाचा हिशेब हाच मजकूर होता आणि गाड्यांच्या वेळा पाठकोऱ्या. दुकानदाराच्या गिऱ्हाइकालाही भिंतीवर सोलापूर जिल्हा हवा होता, त्यामागची पानं नको होती. माझ्यात आणि त्यांच्यात फरक आहे असं मला अजूनही वाटतं. पण तो सांगायला गेले की माझंच बोलणं संग्राहकाच्या अप्पलपोटेपणासारखं ऐकू येतं.

मी ते आणलं नाही. ओसरीवर ऊन होतं तिथे पान पान पसरून मोबाइलवर फोटो काढले, दोन्ही बाजूंचे, दुधाचेही. सून पानांचे कोपरे धरून बसली, त्यामुळे काही फोटोंत तिचाही अंगठा आला आहे. निघताना सुनेला म्हटलं, पेटीत वेखंडाचा तुकडा टाका, कसर लागणार नाही. ती बरं म्हणाली. टाकला की नाही माहीत नाही.

माझ्या कपाटाची आता दुसरीच काळजी आहे. पुण्याचा पावसाळा, डांबराच्या गोळ्या, दर दसऱ्याला पुस्तकं उन्हात घालणं, हे चालू आहे तोवर चालेल. मुलाला यातलं काही नको आहे आणि त्याने तसं स्वच्छ सांगितलं, ते बरं केलं. ग्रंथालयांचे शिक्के असलेली काही पुस्तकं माझ्याकडे आहेत. ज्यांवर 'निर्लेखित', म्हणजे ग्रंथालयाने नोंदीतून काढून टाकलेलं, असा दुसरा शिक्का आहे ती निवांत वाचते, ज्यांवर तो नाही ती विकत घ्यायला धजावत नाही, दुकानातच ठेवून येते आणि मग ती कुणी घेतली असतील याचा विचार करत राहते. सगळं मिळून सोलापूर जिल्ह्यातच परत जावं असं मला वाटतं. तिथल्या एका ग्रंथालयाशी बोलले. ते लोक आनंदाने घेतो म्हणाले, फक्त यादी त्यांच्या दाखल नोंदवहीच्या नमुन्यात करून हवी. लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत.

संध्याकाळी बसून ती यादी करते आहे. गॅझेटियर, बर्कलीच्या निबंधाची छायाप्रत, मॅनिफोल्डची पुस्तकं भराभर झाली. आजोबांच्या नियमांच्या पुस्तकापाशी लेखकाचा रकाना कोरा राहिला. बाजार समितीची स्मरणिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक, ज्यांतल्या जाहिरातींत निम्म्या दुकानांचा पत्ता नुसताच 'स्टेशनसमोर' असा आहे, त्यांना किंमतच नव्हती, वाटलेले अंक ते. आजींच्या वेळापत्रकाच्या फोटोंची छापून घेतलेली प्रतही यादीत घातली आहे, गार्डसाहेबांच्या नावासकट, सुनेला विचारून. किमतीच्या रकान्यात काय लिहू असं ग्रंथपालांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "बाजारभाव नको हो ताई, ऑडिटला त्रास होतो. छापील किंमत असेल ती लिहा, नसेल तर एक रुपया लिहा."